परिपत्रकापलीकडची बातमी

विद्यार्थ्यांचं वृत्तसंकेतस्थळ सुरू करताना तांत्रिक बाजू सगळ्यात लवकर उरकते. डोमेन घ्यायचं, होस्टिंगचे पैसे भरायचे, वर्डप्रेसवर साधी थीम चढवायची. जाणकार मुलगा एका दुपारी हे करून मोकळा होतो. पुण्यातल्या एका विद्यापीठात मी मुलांसोबत या कामाला बसलो तेव्हा खरा वेळ गेला तो बातमी कशाला म्हणायचं हे ठरवण्यात.

फळ्यावर आधी विषय आले ते स्नेहसंमेलन, व्याख्यानं आणि पारितोषिकांचे. ही माहिती जनसंपर्क कार्यालय देतच असतं. मग वसतिगृहातली एक मुलगी म्हणाली, "सर, परीक्षा पुढे ढकलल्याचा मेसेज काल रात्रीपासून फिरतोय. खरा की खोटा, कुणीच सांगत नाही." मेसेजसोबत परिपत्रकाचा फोटो होता. त्यावर जावक क्रमांक दिसत होता, तारीख मात्र कापलेली. दोघं जण परीक्षा विभागात गेले आणि त्यांनी मूळ कागद पाहिला. परिपत्रक आदल्या वर्षीचं निघालं. संध्याकाळी चार ओळींची बातमी लागली, सोबत तारखेसह पूर्ण परिपत्रक. त्या चार ओळींची गरज परिसरातल्या प्रत्येकाला होती.

तिथून नियम ठरत गेले. प्रत्येक दाव्यामागे कागद हवा, नाहीतर एकमेकांशी संबंध नसलेली दोन माणसं. ज्याच्यावर आक्षेप आहे त्याला छापण्याआधी विचारायचं आणि विचारल्याची वेळ वहीत टिपायची. चूक झाली तर दुरुस्ती त्याच बातमीखाली, तारखेसह. मानहानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे आणि लिहिणारा विद्यार्थी आहे म्हणून सूट मिळत नाही, हेही पहिल्याच आठवड्यात समजावून सांगावं लागतं.

माहिती अधिकाराचा अर्ज मुलांना विशेष भावला. १० रुपये शुल्क आणि साधारण ३० दिवसांत उत्तर. प्राध्यापकांची किती पदं रिक्त आहेत, पुनर्मूल्यांकनात किती जणांचे गुण बदलले, वसतिगृहाच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला, असे प्रश्न कट्ट्यावर वर्षानुवर्षं चघळले जातात. अर्ज केला की ते कुणाच्या तरी टेबलावर, उत्तराची मुदत घेऊन जातात.

पैशाचा प्रश्न इथेच येतो. खर्च विद्यापीठाने उचलला, तर विद्यापीठाला अडचणीची बातमी कोण लावणार? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातलं 'द स्टॅनफर्ड डेली' हे विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र १९७३ साली विद्यापीठापासून वेगळं, स्वतंत्र झालं. त्याच वृत्तपत्रात थिओ बेकर या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने २०२२च्या अखेरीस विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क टेसिए-लाविन्य यांच्या शोधनिबंधांतल्या प्रतिमांवर प्रश्न उपस्थित केले. चौकशी झाली आणि जुलै २०२३मध्ये अध्यक्षांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. एवढं बळ सगळ्यांकडे नसतं. पण डोमेन आणि होस्टिंगचा वर्षाचा खर्च वर्गणीतून निघण्याइतका असतो, तो मुलांनीच भरावा असं मी आग्रहाने सांगतो.

अशी संकेतस्थळं बंद पडतात ती बहुधा दडपणाने नव्हे, पदवीदान समारंभाने. पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा. डोमेन एकाच्या वैयक्तिक ईमेलवर असतं, तो नोकरीला लागतो आणि नूतनीकरणाची सूचना कुणी वाचत नाही. म्हणून खातं सामायिक हवं, पासवर्ड आणि कामाची पद्धत लिहून ठेवलेली हवी आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना दुसऱ्या सत्रातच संपादनाच्या टेबलावर बसवायला हवं.

यातली बरीच मुलं पुढे पत्रकार होणार नाहीत. कुणी बँकेत जाईल, कुणी शिक्षक होईल, कुणी गावी परतून ग्रामसभेत बसेल. निर्णय कुणी घेतला, केव्हा घेतला आणि कागद कुठे आहे, हे शांतपणे विचारण्याची सवय तिथेही लागते. विद्यापीठाने ती शिकवायची ठरवली, तर त्यासाठी अशा संकेतस्थळाइतकी चांगली प्रयोगशाळा मला दुसरी दिसत नाही.