आधी पडदा की आधी कॅसेट?
एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके, जुन्या एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६. म्हणजे बरोबर पाचपट. तरीही पुण्यातल्या छोट्या फ्लॅटमध्ये ३२ इंची टीव्ही दहा फुटांवरून पाहताना हा फरक डोळ्याला जेमतेम कळतो. जुनं चित्रीकरण तरी नव्या पडद्यावर खुलेल, असं कुणी म्हणेल. प्रभातच्या १९३६च्या 'संत तुकाराम'सारख्या, ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेल्या सिनेमांना ते लागू पडतं, कारण त्या फिल्मवर तपशील मुळातच भरपूर मावतो. घरच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटचं तसं नाही. जे फितीवर उमटलंच नाही, ते पडदा कुठून आणणार? आणि ती फीत टिकतही नाही: पावसाळी दमटपणात कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसू लागते. क्रिकेट मोठ्या पडद्यावर जवळून पाहणाऱ्यांनी एचडी जरूर घ्यावं. पण माळ्यावर अशा कॅसेटी असतील, तर माझ्या मते पहिला खर्च त्या डिजिटल करून घेण्यावर व्हावा. टीव्ही पुढच्या दिवाळीतही मिळेल.