हिवाळ्यातील तांबड्या फांद्या

डिसेंबरात लंडनचा सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो. पेढी बंद करून परतणाऱ्या गृहस्थाला आपली बाग उजेडात दिसते ती बहुधा रविवारीच. गुलाबाचे खुंट उरलेले, हिरवळ ओली आणि निस्तेज. अशा दिवसांत इंग्लंडमधील बागांना रंग देते ते डॉगवुडचे झुडूप. आणि तेही पाने गळून गेल्यावर, उघड्या पडलेल्या लाल फांद्यांनी.

सैबेरिया, उत्तर चीन व कोरिया ही ‘कॉर्नस आल्बा’ या जातीची मूळभूमी. कडाक्याच्या थंडीचे तिला भय नाही, ओल धरून राहणारी जमीनही तिला मानवते. तिचा ‘सिबिरिका’ हा वाण बागप्रेमींच्या विशेष आवडीचा आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातील हिवाळी बागेत कलत्या उन्हात उभी असलेली ही झुडुपे पाहिली, की झाड सूर्यप्रकाशात लावावे असे जाणकार का सांगतात ते उमगते. सावलीत ते जगते, पण रंग फिका पडतो. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात रमणारे हे झाड मात्र नव्हे.

खरी कसोटी पुढेच आहे. रंग असतो तो कोवळ्या फांद्यांचा. जुन्या फांद्या करड्या, खरबरीत होतात. म्हणून पहिली दोन वर्षे झाड मुळे धरू द्यावे आणि त्यानंतर हिवाळा सरता सरता, डोळे फुटण्यापूर्वी, साऱ्या फांद्या जमिनीपासून वीतभरावर छाटाव्यात. सशक्त, सुंदर झाडावर असा घाव घालण्यास हात धजत नाही, हे स्वाभाविकच. पण ज्या घरी या संकोचापायी छाटणी टळते, तेथे काही वर्षांत तपकिरी काटक्यांचे जाळे तेवढे शिल्लक राहते. ज्यांना पूर्ण छाटणी जड वाटते त्यांनी दरवर्षी सर्वांत जुन्या अशा एक-तृतीयांश फांद्या बुडाशी काढाव्यात. झुडपाचा आकारही टिकतो. पक्षी घरटी बांधू लागण्यापूर्वी हे काम उरकलेले बरे.

छाटलेल्या फांद्या वाया घालवू नयेत. पेन्सिलीएवढ्या जाडीचे वीतभर लांबीचे तुकडे, डोळे वरच्या दिशेस ठेवून, दोन-तृतीयांश मातीत खोचावेत. पुढील शरदापर्यंत त्यांतील बरेचसे मुळे धरतात, आणि शेजाऱ्याला देण्याजोगी रोपे तयार होतात.