रस्ता टिकतो तो निचऱ्यावर

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहराच्या दक्षिणेस असलेले गारखेडा हे एके काळी खेडे होते. आज ते महानगराचाच भाग झाले आहे. सूतगिरणी चौकातून किंवा विभागीय क्रीडा संकुलाजवळून जाणाऱ्या वाहनचालकाला डांबराखाली काय आहे, याचा विचार करण्याचे कारण पडत नाही. पहिल्या मोठ्या पावसात खड्डा पडला, की मात्र तो प्रश्न आपोआप पुढे येतो.

या भागात दगडाला तोटा नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या या नगराचे मूळ नावच ‘खडकी’ होते. येथील काळा कातळ खडीसाठी उत्तम समजला जातो. अडचण आहे ती मराठवाड्यातील काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट घातलेली खडी दोन-तीन पावसाळ्यांत खाली रुतते व चिखल वर येतो. म्हणून अशा जमिनीवर प्रथम मुरमाचा जाड थर देऊन तो दाबून घ्यावा लागतो. बैलगाडीच्या लोखंडी धावेने पडलेल्या चाकोऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

रस्त्याचा भार शेवटी जमीनच पेलते, मात्र ती कोरडी राहिली पाहिजे, हे तत्त्व जॉन मॅकॅडम या स्कॉटिश तज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. त्यापूर्वी मोठमोठ्या दगडांचा पाया घालण्याची पद्धत होती. मॅकॅडमने तो खर्च अनावश्यक ठरविला. सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून जड दगड त्याला चालत नसे. कोनदार खडीचे तुकडे दाबाखाली एकमेकांत घट्ट अडकतात, हे त्यामागचे कारण. पुढे रोलर आला. खडीवर बारीक कच व मुरूम पसरून पाणी मारण्याची रीत रूढ झाली. खडीचा थर दाबताना रोलर कडेकडून मध्याकडे नेतात. एरवी खडी बाजूला सरकते. हे काम घाईने उरकण्याचा मोह फार होतो.

मोटारी आल्यावर त्यांच्या वेगाने खडीतील बारीक माल उडू लागला आणि खडीला चिकटवून धरणारे डांबर आवश्यक झाले. आज ज्याला आपण डांबर म्हणतो, ते बहुधा खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणारे बिटुमेन असते. मूळ डांबर दगडी कोळशापासून निघत असे. नाव मात्र जुनेच राहिले.

१९७२च्या दुष्काळात हजारो हातांनी खडी फोडली, मातीचे भराव घातले. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. या योजनेत खर्चाचा मोठा वाटा मजुरीसाठी राखलेला होता. मोऱ्या व डांबरीकरण यांसाठी त्यात फारसा वाव नव्हता. परिणामी अनेक रस्ते मातीकामावर किंवा खडीवरच थांबले. मजुरांच्या श्रमात उणीव नव्हती, मोरी नव्हती. पाण्याला वाट न मिळालेला भराव पहिल्याच पुरात वाहून जाणे स्वाभाविक होते.

दुरुस्तीतही हीच चूक घडते. ओल्या खड्ड्यात डांबरी खडी टाकून फावड्याने थोपटली, तर ती आठवडाभरात निघून येते. योग्य रीत अशी: खड्ड्याच्या कडा चौकोनी व सरळ उभ्या कापाव्यात, सैल माल कठीण थरापर्यंत काढावा, जागा कोरडी व स्वच्छ करून तळाला व कडांना पातळ डांबर लावावे, मग थराथराने माल भरून दाबावा. पाऊस चालू असेल, तर खडी-मुरमाची तात्पुरती भर घालून उघडीप मिळाल्यावर ती काढून पक्के काम करावे.

काम स्वीकारताना डांबराची जाडी मोजली जाते, तसा रस्त्याचा आडवा उतारही पाहावा. खडीच्या रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत दर मीटरला अडीच ते तीन सेंटिमीटर उतार लागतो. साइडपट्टी रस्त्याहून उंच झाली किंवा बाजूचा चर बुजला, तर हा उतार व्यर्थ जातो. त्यासाठी चर मे महिन्यातच उपसावा. ग्रामपंचायतीला त्याकरिता कुदळ-फावड्यांहून अधिक साधन लागत नाही.