हाडांची शिल्लक

वृद्ध दादी किंवा नानी न्हाणीघरात घसरतात आणि त्यांचे मांडीचे हाड मोडते. मैदानावर खेळताना तुम्ही पडलात, तर बहुधा नुसते खरचटते. असे का होते?

हाड हे लाकडाच्या वाशासारखे निर्जीव नसते. मुंबईत जुना रस्ता उखडून नवा बांधतात, तसे काम हाडांतही सतत चालते. काही पेशी जुने हाड झिजवतात, तर काही पेशी नवे हाड बांधतात. हाडावर भार पडला, की बांधणीचे काम वाढते आणि हाड भरीव होते. भाराप्रमाणे हाडाची रचना बदलते, हे तत्त्व जर्मन शल्यविशारद ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. टेनिसपटू ज्या हाताने रॅकेट धरतो, त्या हाताची हाडे दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेली आढळतात.

भार नसला, की उलट घडते. अंतराळात शरीराला वजन जाणवत नाही. तेथे पुरेसा व्यायाम न केल्यास कमरेच्या हाडांतील खनिजे दरमहा सुमारे १ ते १.५ टक्के घटतात. सुनीता विल्यम्स २०२४-२५ मध्ये २८६ दिवस अंतराळात होत्या. तेथील स्थानकात अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. त्यात यंत्रावर जोर लावण्याचा व्यायामही असतो.

हाडांची बहुतेक शिल्लक किशोरवयात जमते. विशीत भाराचा व्यायाम केल्यास तीत थोडी भर पडते. तिशीनंतर मात्र ती टिकवावी लागते. उतारवयात स्त्रियांची हाडे अधिक वेगाने ठिसूळ होतात. म्हणून मुलींनीही व्यायाम टाळू नये.

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या पुरेत. अंधेरी-घाटकोपरच्या इमारतींना जिने आहेत. बोरिवलीत कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्या आहेत. वजने उचलायची असतील, तर जाणत्या शिक्षकासमोर हलक्या वजनापासून सुरुवात करावी. आठवड्यातून दोन-तीन दिवस नियमाने व्यायाम करावा. हाड सावकाश बदलते. त्याला अनेक महिने लागतात.

बांधकामाला सामानही हवे. दूध, नाचणी आणि तीळ यांतून कॅल्शियम मिळते. उन्हात त्वचेमध्ये ड जीवनसत्त्व तयार होते. त्यामुळे अन्नातील कॅल्शियम शरीरात शोषले जाते.

मित्रांनो, म्हातारपणी पाय घसरला, तर आज जमवलेली ही शिल्लकच उपयोगी पडेल.