बाटलीवरचा नंबर

फर्स्ट इयरचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल आठवतंय ना? टायट्रेशनचा रंग कधी बदलतो यावर डोळे लागलेले असताना बाटलीवरचं लेबल कोण वाचतो! मीही वाचत नव्हतो. एकदा फडताळात दोन बाटल्या दिसल्या. एकीवर ‘मिथाइल अल्कोहोल’, दुसरीवर ‘मिथेनॉल’. कुठली घ्यायची म्हणून घोळ घालत उभा होतो. लॅबमधले मामा म्हणाले, "नाव सोड, खालचा नंबर बघ." दोन्हींवर एकच नंबर होता: ६७-५६-१. म्हणजे पदार्थ एकच!

याला ‘कॅस नंबर’ म्हणतात. वर्गात तीन अमोल असले की सर रोल नंबर पुकारतात, तसंच हे. मिथेनॉलला कुणी वुड स्पिरिट म्हणतं, कुणी कार्बिनॉल. इथेनॉललाही लोक स्पिरिटच म्हणतात, पण त्याचा नंबर ६४-१७-५. हा फरक नुसता मार्कांपुरता नाही. मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. तिथे नावाचा गोंधळ परवडत नाही.

हा नंबर देतं कोण? अमेरिकन केमिकल सोसायटी. तिची गोष्ट मोठी गमतीची आहे. ऑक्सिजनच्या शोधाला शंभर वर्षं झाली म्हणून १८७४ मध्ये अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ पेनसिल्व्हेनियात प्रीस्टलीच्या घरी जमले. तिथे राष्ट्रीय संस्थेचा विषय निघाला आणि ६ एप्रिल १८७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये ३५ जणांनी ती स्थापन केली. ड्रेपर हे पहिले अध्यक्ष. पण सुरुवातीला नाव राष्ट्रीय असलं तरी कारभार न्यूयॉर्कपुरताच राहिला. १८९० नंतर गावोगावी शाखा निघाल्या, तेव्हा कुठे ती देशाची झाली.

खरं मोठं काम सुरू झालं १९०७ मध्ये. संशोधन जगभर चालू होतं, पण दुसऱ्याने काय केलंय हे कळणार कसं? जर्मन आणि इंग्रज सारांशपत्रिका होत्या, त्यांत अमेरिकेतलं काम पुरेसं येत नसे. म्हणून सोसायटीने ‘केमिकल अॅब्स्ट्रॅक्ट्स’ काढलं. जगभरचे शोधनिबंध वाचायचे आणि थोडक्यात सार छापायचं! पहिल्या वर्षी सुमारे १२ हजार सारांश निघाले. ते लिहिणारे बहुतेक स्वयंसेवकच होते, आपली नोकरी सांभाळून हे काम करणारे.

पुढे पसारा इतका वाढला की एकच पदार्थ निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा समोर येऊ लागला. तेव्हा १९६५ मध्ये कॉम्प्युटरवर नोंदवही सुरू झाली आणि प्रत्येक पदार्थाला नंबर मिळाला. आज त्या वहीत २० कोटींहून जास्त पदार्थ आहेत.

आता आपल्या इंजिनिअर मंडळींसाठी गंमत. शेवटचा आकडा तपासणीचा असतो. पाण्याचा नंबर ७७३२-१८-५. शेवटचा ५ बाजूला ठेवा. उरलेले आकडे उजवीकडून घ्या आणि १, २, ३ असे क्रमाने गुणा: ८×१ + १×२ + २×३ + ३×४ + ७×५ + ७×६ = १०५. बेरजेचा शेवटचा आकडा ५. जुळला! ‘१८’ चं चुकून ‘८१’ लिहिलं तर बेरीज येईल १०५ ऐवजी ११२, आणि चोरी लगेच पकडली जाईल.

एक गोष्ट मात्र खटकते. सगळ्यांच्या संशोधनातून उभी राहिलेली ही पूर्ण नोंदवही फुकट बघायला मिळत नाही, वर्गणी महाग आहे. सोसायटीचं म्हणणं, एवढं काम चालवायला पैसा लागतोच. तेही खोटं नाही. नेहमीच्या वापरातल्या सुमारे ५ लाख पदार्थांची माहिती २०२१ पासून ‘कॉमन केमिस्ट्री’वर मोफत खुली आहे, हे त्यातल्या त्यात बरं.

संस्था म्हटलं की आपल्याला संमेलन, हारतुरे आणि ग्रुप फोटो आठवतो. विज्ञान पुढे जातं ते मात्र अशा कंटाळवाण्या, नेटाने केलेल्या नोंदींवरही. नवा रेणू शोधणाऱ्याचं नाव होतं. "अरे, हा आधीच सापडलाय" असं वेळेवर सांगून कुणाची तीन वर्षं वाचवणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला बाटली उचलाल तेव्हा नंबर जरूर वाचा. आणि व्हायवात सरांनी विचारलंच, तर मामांची आठवण ठेवा!