पावसाळ्यात स्क्रीन का धुऊन जाते?

स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांची पावसाळ्यातली हमखास तक्रार: एक्सपोज केलेली स्क्रीन धुवायला घेतली की डिझाइनच्या कडाही इमल्शनबरोबर निघून जातात. दोष अनेकदा दिव्याचा नसतो, हवेचा असतो. जाळीवरचं इमल्शन हाताला कोरडं लागलं, तरी आत ओल असते आणि ओलसर थर प्रकाशाने नीट कडक होत नाही. नुसत्या पंख्याने भागत नाही. तो तीच दमट हवा फिरवतो. सुकवायची खोली बंद, अंधारी आणि डीह्युमिडिफायर लावलेली हवी. आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली आणि तापमान 25 ते 30 अंश सेल्सिअस असलं, की थर आतपर्यंत सुकतो. घाईने फार तापवलं, तर इमल्शन प्रकाशाविनाच कडक होऊ लागतं.

कोरड्या उन्हाळ्यात उलटी पंचाईत. पाण्यावर आधारलेली शाई जाळीतच सुकते आणि बारीक रेघा तुटक उमटतात.

कागदालाही हवा बाधते. दमटपणात त्याचे तंतू लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात, म्हणून दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही. छपाईआधी कागद एक दिवस छपाईच्याच खोलीत ठेवावा. सुकवायच्या खोलीतला आर्द्रतामापक मात्र दाराशी नको, स्क्रीनच्या रॅकजवळच टांगावा.