मॉरिशसचे किनारे : मुद्दल राखणाऱ्यांचा धंदा

मॉरिशसचे नाव निघाले की आपल्याकडे नवविवाहितांच्या सहली डोळ्यांपुढे येतात. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातीही तशाच असतात. निळे पाणी, पांढरी वाळू आणि नारळाचे झाड. परंतु व्यापारी माणसाने हे बेट वेगळ्या नजरेने पाहावे असे आहे. लांबी साधारण ६५ किलोमीटर, रुंदी ४५ किलोमीटर, लोकवस्ती बारा-साडेबारा लाख. एवढ्याशा मुलुखात वर्षाला तेरा-चौदा लाख पाहुणे येतात, म्हणजे घरच्या माणसांपेक्षा पाहुणेच जास्त. हे गिऱ्हाईक कशासाठी येते, त्याला दाखवायचा माल कोणता, आणि तो माल संपू नये म्हणून तिथले लोक काय करतात, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

कापडाचा कोटा संपला, किनारा राहिला

आम्हा कापडवाल्यांना मॉरिशस ठाऊक झाले ते किनाऱ्यांमुळे नव्हे, शर्ट आणि स्वेटरमुळे. १९७० साली तिथे निर्यात क्षेत्राचा कायदा झाला, हाँगकाँगचे भांडवल आले आणि उसावर जगणारे बेट तयार कपडे विकू लागले. युरोप-अमेरिकेच्या बाजारात प्रत्येक देशाला कोटा ठरलेला होता, त्याचा मॉरिशसला मोठा आधार होता. २००४ च्या अखेरीस ही कोटापद्धत संपली. त्याच्या आगेमागे कित्येक कारखाने बंद झाले, हजारोंचे काम गेले, आणि काही मालकांनी यंत्रे उचलून शेजारच्या मादागास्करला नेली. कापडाचा धंदा तिथे आजही आहे, पण पूर्वीचा जोर राहिला नाही.

शिलाईयंत्र जहाजात घालून दुसऱ्या देशात नेता येते, समुद्रकिनारा नेता येत नाही. म्हणून किनाऱ्याचा धंदा ज्याचा आहे त्याच्याकडे राहतो. अट एकच. मुद्दल खायचे नाही.

पांढरी वाळू कुठून येते?

हे बेट ज्वालामुखीतून वर आले. त्याचा खडक काळा आहे, आपल्या सह्याद्रीसारखा. मग वाळू पांढरी कशी? उत्तर पाण्यात आहे. बेटाच्या जवळजवळ सगळ्या बाजूंनी, किनाऱ्यापासून काही अंतरावर, प्रवाळाचा बांध आहे. सुमारे १५० किलोमीटरचा हा बांध कोणी बांधलेला नाही. सूक्ष्म प्राण्यांनी हजारो वर्षांत तो उभा केला. लाटांच्या माऱ्याने प्रवाळ आणि शिंपले झिजतात, पोपटमासा प्रवाळ चावून त्याचा भुगा बाहेर टाकतो, आणि तीच पुढे पांढरी वाळू होते. म्हणजे प्रवाळाचा बांध हाच वाळूचा कारखाना.

या बांधाचे दुसरे काम राखणदारीचे. मोठी लाट बाहेर फुटते आणि आतल्या उथळ पाण्यात लहान मूलही खेळू शकते. याचा पुरावा पाहायचा असेल तर दक्षिणेला सुईयाक गावाजवळ ग्री-ग्री येथे जावे. तिथे बांध नाही. समुद्र सरळ कड्यावर येऊन आदळतो. देखावा जबरदस्त, पण पाण्यात उतरणे जिवावरचे. तिथे उभे राहिले की पश्चिमेच्या शांत किनाऱ्याची किंमत कळते.

तरीही अनेक वर्षे या उथळ पाण्यातून बांधकामासाठी वाळू काढली जात होती. कितीतरी कुटुंबे त्यावर पोट भरत. २००१ साली हे काम बंद करण्यात आले आणि बांधकामासाठी खडक दळून केलेली वाळू वापरात आली. ज्यांचा रोजगार गेला त्यांना त्रास झाला, हे खरे. पण घराचा पाया खणून विटा विकणारा माणूस किती दिवस विकणार?

कोणता किनारा कशासाठी

मे ते ऑक्टोबर हा तिथला थंड आणि कोरडा हंगाम. या दिवसांत आग्नेयेचे वारे जोरात असतात, म्हणून पूर्वेचा किनारा वाऱ्याचा आणि पश्चिम व उत्तर बाजू शांत राहते. जानेवारी ते मार्च या काळात उन्हाळा, पाऊस आणि चक्रीवादळाची भीती असते.

उत्तरेला ग्रांद बे हे दुकाने आणि होड्यांचे गाव. गर्दी नको असेल तर जवळच त्रू-ओ-बिश, माँ शुआजी आणि पेरेबेर आहेत. माँ शुआजीला सुरूचे लांबलचक बन आहे. सुट्टीच्या दिवशी गावचे लोक घरून डबे-पातेली घेऊन तिथे सावलीत बसतात. आपल्या माणसाला तिथे परके वाटत नाही.

पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लॅक हा लांब किनारा, सूर्यास्तासाठी नावाजलेला. या भागात कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज राहतात. तिथल्या शाळांत आजही मराठी शिकवली जाते. नैर्ऋत्येच्या टोकाला ल मॉर्न हा ५५६ मीटर उंचीचा डोंगर समुद्राच्या काठावर उभा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगरात लपत, म्हणून २००८ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पायथ्याचा किनारा सुंदर आहेच, पण ही हकीकत जाणून तिथे उभे राहावे.

पूर्वेला बेल मार हा शांत आणि लांब किनारा. त्याच बाजूला त्रू-दो-दूस गावातून होडीने इल-ओ-सर्फ या छोट्या बेटावर जाता येते. होडीचा भाव आधी ठरवून घ्यावा. घासाघीस तिथेही चालते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा कायद्याने सर्वांचा आहे, समोर कितीही मोठे हॉटेल असो. पण कायदा एक आणि वहिवाट दुसरी. चांगल्या चांगल्या जागा हॉटेलांनी अडवल्या, जाण्याच्या वाटा अरुंद केल्या, अशी तिथल्या लोकांची तक्रार असते आणि ती निराधार नाही.

जंगल : उरलेली पुंजी

किनारा पाहून परत फिरणारे पाहुणे अर्धेच मॉरिशस पाहतात. माणसाचे पाऊल पडण्यापूर्वी हे बेट जंगलाने भरलेले होते. सतराव्या शतकात डच वस्तीला आले, त्यांच्यामागून फ्रेंच आणि इंग्रज. आबनुसाची झाडे तोडून लाकूड परदेशी गेले, पुढे उसासाठी रान साफ झाले. डोडो हा न उडणारा पक्षी डचांच्या येण्यानंतर शंभर वर्षांच्या आत नाहीसा झाला. आज मूळ जंगलापैकी चांगल्या स्थितीत राहिलेला भाग बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. मुद्दल खाल्ल्याचा हा जुना हिशेब.

जे उरले ते राखण्यासाठी १९९४ साली ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. क्षेत्र साडेसहा हजार हेक्टरांहून जास्त. पेत्रँ येथून पायवाटा सुरू होतात. बेटावरचे सर्वात उंच शिखर, ८२८ मीटरचे, याच भागात आहे. वाटेत लाल पेरूची झुडपे दिसतात. फळ गोड, खाणारे खुश. पण हा पेरू बाहेरून आणलेला, आणि तो इतका माजला की मूळ झाडांना उगवू देत नाही. म्हणून काही तुकड्यांना कुंपण घालून ही झुडपे हाताने उपटावी लागतात. डुक्कर आणि हरीणही बाहेरचेच, त्यांच्यापासून रोपे वाचवण्यासाठी ते कुंपण. हे काम दरसाल करावे लागते. एकदा करून सोडले की रान पुन्हा पेरूचे.

या मेहनतीचे फळ पक्ष्यांत दिसते. मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ साली रानात फक्त चार उरले होते. गुलाबी कबुतर १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास आले होते. अंडी उबवून, पिल्ले वाढवून, त्यांना रानात सोडून आज दोन्हींची संख्या शेकड्यांत गेली आहे. बुडीत खात्यातली रक्कम वसूल व्हावी तसे हे घडले, पण पन्नास वर्षे माणसे त्यामागे लागली तेव्हा.

इल-ओ-एग्रेत आणि ब्लू बे

आग्नेयेला माएबूर गावासमोर इल-ओ-एग्रेत हे २६ हेक्टरांचे बेट आहे. किनाऱ्यावरचे मूळ जंगल कसे होते हे पाहायचे तर इथेच. १९८४ मध्ये स्थापन झालेली मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. वाटाड्याबरोबरच जाता येते, एकट्याने हिंडता येत नाही, आणि तिकिटाचा पैसा जंगलाच्या कामाला लागतो. मॉरिशसची स्वतःची मोठी कासवे माणसांनी खाऊन संपवली होती. त्यांच्या जागी आल्दाब्रा बेटांची कासवे आणून सोडली. ती आबनुसाची फळे खातात, बी दूर नेऊन टाकतात आणि नवी रोपे उगवतात. संपलेल्या कारागिराची जागा दुसऱ्याने घ्यावी तसे.

उत्तरेकडचे राउंड आयलंड मात्र पाहुण्यांना बंद आहे. शेळ्या आणि सशांनी ते खाऊन उजाड केले होते. त्यांना हटवल्यावर झाडे परतू लागली. प्रत्येक जागा तिकीट लावून दाखवायची नसते, हेही समजून घेण्यासारखे आहे.

विमानतळाजवळच ब्लू बे हे सागरी उद्यान आहे. सुमारे ३५० हेक्टरांचा हा भाग १९९७ पासून राखीव आहे, आणि २००८ साली त्याची नोंद रामसर यादीत झाली. तळाला काच असलेल्या होडीतून प्रवाळ पाहता येते, पोहणे येत नसले तरी. प्रवाळावर पाय ठेवू नये, तुकडा तोडू नये. आधीच समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडत आहे, त्यात आपली भर नको.

२०२० चा घाला

२५ जुलै २०२० रोजी वाकाशियो नावाचे मोठे मालवाहू जहाज याच भागात, पॉइंत देस्नीजवळ, बांधावर चढले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. ब्लू बे जवळ, इल-ओ-एग्रेत समोर. तेव्हा कोविडमुळे पाहुण्यांची विमाने आधीच बंद होती. कोळ्यांचे जाळे थांबले, होडीवाले बसून राहिले.

त्या वेळी माएबूरच्या किनाऱ्यावर हजारो लोक जमले. उसाचा वाळलेला पाला कापडात आणि जाळीत भरून, शिवून त्यांनी लांब लांब लोड तयार केले आणि तेल अडवण्यासाठी पाण्यावर सोडले. कोणी आपले केस कापून दिले, कारण केस तेल धरतात. शिवणारे हात, कापड आणि शेतातला पाला, यांनी पहिला बांध घातला. कारागीर मंडळींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. इल-ओ-एग्रेतवरची दुर्मिळ रोपे आणि सरडेही घाईने हलवून वाचवण्यात आले.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

मुंबईहून सरळ विमानाने साधारण सहा तास लागतात. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, मात्र परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि पुरेसा पैसा दाखवावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआयने पैसे देण्याची सोयही सुरू झाली आहे. हलाल जेवणाची अडचण पडत नाही. कच्छी मेमन आणि सुरती व्यापारी एकोणिसाव्या शतकापासून पोर्ट लुईत स्थिरावलेले आहेत. गावोगाव बस जाते, त्यामुळे रोज मोटार भाड्याने घेण्याची गरज नाही.

खरेदी करावी ती हुन्नराची. केवड्याच्या जातीच्या वाकोआ झाडाच्या पानांच्या टोपल्या, लाकडी जहाजांच्या प्रतिकृती, माएबूरच्या सोमवारच्या बाजारातला माल. वाकोआच्या पिशव्यांत एके काळी साखर भरून जात असे. २०१६ साली तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि विणलेल्या व कापडी पिशव्यांना पुन्हा मागणी आली. प्रवाळ आणि दुर्मिळ शंख मात्र कोणी कितीही स्वस्त दिले तरी घेऊ नयेत. तिथेही गुन्हा आणि आपल्या वन्यजीव कायद्यानेही गुन्हा.

कोकणातल्या आपल्या बांधवांना यात विशेष पाहण्यासारखे आहे. मालवणजवळ आपल्याकडेही प्रवाळ आहे आणि १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. किनाऱ्यावर पसरणारी मर्यादावेल मॉरिशसलाही आहे. तिथे ती मुद्दाम लावतात, कारण ती वाळू धरून ठेवते. आपल्याकडे घरगुती राहण्याची सोय करणारे अंगण मोकळे दिसावे म्हणून तीच उपटून टाकतात. पाहुणा पैसे देतो तो वाळूसाठी आणि स्वच्छ पाण्यासाठी, खोलीच्या रंगासाठी नव्हे. वाळू गेली की खोली रिकामी राहील. दुकानातला माल संपला तर भिवंडीहून नवा आणता येतो. हा माल आणायला दुसरी पेठ नाही.